मला सोडून सगळ्यांना

घरात मोठं खोटं बोलायचं असतं तेव्हा आधी बैठक भरते. तिला बैठक कुणी म्हणत नाही. चारपाच जण उभ्या उभ्या बोलत असतात, आवाज खाली असतो, एकाचा डोळा दाराकडे असतो. काय सांगायचं, काय नाही, कुणी विचारलंच तर काय उत्तर द्यायचं, कुणाच्या तोंडून चुकून निसटण्याचा धोका आहे, हे सगळं तिथं ठरतं. एखादी काकू म्हणते, ‘मला नाही बाई पटत, पण तुम्ही सगळे म्हणताय तर...’ आणि मग तीही सामील होते. ज्याच्यासाठी हे चाललेलं असतं तो पलीकडच्या खोलीत असतो. त्याच्या भल्याचा विचार त्याला वगळून होत असतो.

खरं-खोट्याच्या नीतीबद्दल काही वाचायला घेतलं की मला हीच गोष्ट खटकते. तिथं एक बोलणारा असतो, एक ऐकणारा असतो आणि मधे एक वाक्य असतं. ते खरं की खोटं, एवढाच प्रश्न. नात्यांतलं खोटं इतकं सुटसुटीत नसतं. कुणी ते रचतं, कुणी त्याला पुरावा पुरवतं, कुणी आपला शब्द उसना देतं आणि उरलेले गप्प बसतात. गप्प बसणारेच सगळ्यांत जास्त असतात, आणि आपण खोटं बोललो असं त्यांच्यातल्या कुणालाही वाटत नाही.

महाभारतात हे फार बारकाईनं आलंय. ‘नरो वा कुंजरो वा’चं खापर आपण युधिष्ठिराच्या डोक्यावर फोडून मोकळे होतो, पण तो एकट्याचा उद्योग नव्हताच. कल्पना कृष्णाची. भीमानं जाऊन अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, तोही आपल्याच बाजूनं लढणाऱ्या मालवराजाचा; म्हणजे खोट्याच्या तळाशी एक खरं प्रेत तयार ठेवलं. अर्जुनाला हे पटलं नाही, पण त्यानं अडवलंही नाही. भीम द्रोणांसमोर जाऊन ओरडला, तर द्रोणांचा विश्वास बसेना. मग ते युधिष्ठिराकडे वळले, कारण त्रैलोक्याचं राज्य मिळणार असलं तरी हा खोटं बोलणार नाही याची त्यांना खात्री होती. वाक्य तर भीमानंही बोलून दाखवलं होतं. युधिष्ठिराकडून हवी होती ती त्याची पत. ‘हत्ती’ एवढा शब्द तो ऐकू जाणार नाही असा पुटपुटला, आणि जमिनीच्या चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. मला कायम वाटत आलंय की रथ टेकायचेच होते तर बाकीच्यांचेही टेकायला हवे होते. ते आधीपासूनच जमिनीवर होते, ही गोष्ट वेगळी.

या प्रसंगात मला जास्त छळतात ते द्रोण. पांडवांच्या बाजूच्या म्होरक्यांना खरं काय ते ठाऊक होतं. ज्यांचा मुलगा, तेवढेच ते काय अंधारात होते.

याच ग्रंथात कौशिक नावाच्या तपस्व्याची उलट गोष्टही आहे. मी नेहमी खरंच बोलेन असं त्याचं व्रत. जीव वाचवायला पळालेली माणसं कुठं लपलीत ते त्यानं दरोडेखोरांना खरं खरं सांगून टाकलं, आणि नरकात गेला. तिकडे जर्मनीत 1797 साली तत्त्वज्ञ कांटनं नेमका विरुद्ध निकाल दिला: मित्राचा जीव घ्यायला आलेला खुनी दारात उभा राहून विचारत असला, तरी त्याच्याशीसुद्धा खोटं बोलायचा तुम्हाला हक्क नाही. या वादावर दोनशे वर्षं रकाने भरभरून लिहिलं गेलंय आणि त्यातलं थोडं वाचून मी दमलेय. आपल्यातल्या बहुतेकांच्या दारात खुनी कधी येतच नाही. येते ती आत्या, आणि विचारते, ‘हा हल्ली दिसत नाही गं कुठं?’ खुन्याला काय सांगायचं हे कौशिक आणि कांट ठरवतील. आत्याला काय सांगायचं, ते आपल्यालाच ठरवायचं असतं, आणि तेही तिनं चप्पल काढून आत यायच्या आत.

*

माझ्या मामांचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी आधी मामेभावाला बाहेर बोलावून सांगितलं. मग बैठक भरली. आतड्याला सूज आहे, औषधांनी उतरेल, वेळ लागेल, असं मामांना सांगायचं ठरलं. मामा आयुष्यभर ऑडिटमध्ये होते. दुसऱ्यांच्या कागदांतला न जुळणारा आकडा हुडकून काढणं हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा. आता स्वतःच्या पोटाच्या बाबतीत मात्र ते कागद न बघता सही करतील, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मामीनं मला फोनवर बजावलं, ‘येशील तेव्हा त्यांच्याजवळ काही बोलू नकोस हं. ते खचतील.’

मी गेले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मामी कशाला तरी आत गेली तसे मामा म्हणाले, ‘सुजेवर केमो देत नाहीत, एवढं कळतं मला.’ मी काही बोलायच्या आत पुढं म्हणाले, ‘पण मला माहीत आहे हे हिला सांगू नकोस. ती खचेल.’

दोघांनी एकच शब्द वापरला होता. दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती, आणि ती सांभाळायला एकाच माणसाला नेमलं होतं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा त्या घरी गेले तेव्हा त्यांचा तो खेळ बघत बसायचे. रिपोर्ट यायचा. मामा विचारायचे, ‘काय म्हणतात डॉक्टर?’ मामी पाठ केलेलं उत्तर द्यायची. ती मधेच अडखळली की मामा तिला अडखळू द्यायचे नाहीत. लगेच पुढचा सोपा प्रश्न विचारायचे, ज्याचं उत्तर तिच्याजवळ तयार असेल. इतकं सांभाळून घेणं मी त्यांच्या अख्ख्या संसारात पाहिलं नव्हतं. एरवी दोघंही भांडखोर.

बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी रुग्णालयांमध्ये बसून, मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसांभोवती काय बोललं जातं ते टिपून ठेवलं होतं. 1965 साली त्यांनी त्याची मांडणी केली. त्यांना चार अवस्था दिसल्या. पहिलीत आजारी माणूस सोडून सगळ्यांना माहीत असतं. दुसरीत त्याला संशय येतो आणि तो काढून घ्यायला बघतो. तिसरीत सगळ्यांनाच माहीत असतं, त्यालाही, पण प्रत्येक जण माहीत नसल्यासारखं वागतो. चौथीत उघडपणे बोललं जातं. आमच्या घरातले सगळे समजत होते की आपण पहिल्या अवस्थेत आहोत. आम्ही कधीच तिसरीत पोचलो होतो, आणि ते फक्त मामांना आणि मला ठाऊक होतं.

त्या सोंगाचे फायदे मी नाकारणार नाही. शेवटपर्यंत त्या घरातले दिवस नेहमीसारखे गेले. वर्तमानपत्राचं कुठलं पान आधी कुणाला यावरून भांडणं झाली. आजारी माणसाजवळ बसून डोळे पुसणारं कुणी नव्हतं, आणि मामांना तसं कुणी नकोच होतं. ‘कळत नाही’ हे सोंग घेतल्यामुळे त्यांना शेवटपर्यंत घरातला कर्ता माणूस राहता आलं. ‘कळतंय’ म्हटलं असतं तर ते त्या क्षणापासून पेशंट झाले असते. हे त्यांनी नीट विचार करून निवडलं होतं असं मला वाटतं. न जुळणारा आकडा दिसला आणि त्यांनी त्यावर शेरा मारला नाही, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

पण काय गेलं तेही मी पाहिलंय. धाकट्या भावाशी त्यांचं काही वर्षांपासून बोलणं नव्हतं. त्याला बोलावून घ्यायला कारण लागलं असतं, आणि सुजेसाठी कुणी परदेशातून भावाला बोलावत नाही. कुठली कागदपत्रं कुठं आहेत हे मामीला सांगून ठेवायचं, तर ‘का?’ हा प्रश्न आला असता. सोंग टिकवायचं म्हणजे शेवटचं म्हणून काहीच करता येत नाही.

मामा गेल्यावर मामी कितीतरी वर्षं म्हणायची, ‘त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, एवढं एक चांगलं झालं.’ म्हणताना तिच्या चेहऱ्यावर समाधान असायचं. मी मान हलवायचे. आता मामीही नाही, म्हणून हे लिहिता येतंय.

याच विषयावरचे दोन आकडे माझ्या डोक्यात घर करून बसलेत. 1961 साली डोनाल्ड ओकेन यांनी 219 डॉक्टरांना विचारलं, कॅन्सर झाला असेल तर रुग्णाला सांगता का? सुमारे 90 टक्क्यांचा कल न सांगण्याकडे होता. 1979 साली तसाच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तेव्हा 97 टक्क्यांचा कल सांगण्याकडे होता. दोन्ही पाहण्या अमेरिकेतल्या, आणि मधे फक्त 18 वर्षं. एवढ्या काळात माणसांची मनं काही घट्ट झाली नव्हती, की मरणाची भीती कमी झाली नव्हती. उपचार सुधारले, लोक रोगाचं नाव मोठ्यानं घ्यायला लागले, आणि उपचारांना रुग्णाची संमती हवी असेल तर त्याला माहिती नको का, हा प्रश्न कायद्यानंही विचारायला सुरुवात केली. ‘खचेल’ हे कारण दोन्ही वेळी तितकंच खरं होतं. फरक पडला तो, ही माहिती मुळात कुणाची, या उत्तरात.

त्यानंतरची सुधारणा मला आणखी महत्त्वाची वाटते. वाईट बातमी कशी सांगावी याची एक सहा पायऱ्यांची पद्धत 2000 साली मांडली गेली. डॉक्टर तिला ‘स्पाइक्स’ म्हणतात. त्यात बातमी सांगण्याच्या आधीची एक पायरी अशी की रुग्णालाच विचारायचं: तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? सगळं, थोडं, की घरच्यांशी बोलू? ‘मला नका सांगू’ हेही उत्तर चालतं. म्हणजे न सांगण्याला बंदी नाही. पण तो निर्णय ज्याचा त्यानं घ्यायचा. आमच्या बैठकीत सगळे होते, अगदी मामेभावाचा मित्रसुद्धा होता. मामांना विचारावं असं कुणाला सुचलं नाही. विचारलं असतं तर मामांनी कदाचित ‘नका सांगू’ म्हटलं असतं, आणि सगळं आहे तसंच घडलं असतं. तरीही ते वेगळं झालं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

*

माझ्या ओळखीतल्या एका बाईंना चाळिशी उलटल्यावर कळलं की त्या दत्तक आहेत. आईवडील दोघंही गेले होते. एका दूरच्या नातेवाइकाच्या बोलण्यातून सहज निघालं. त्याला वाटलं, एव्हाना माहीत असणारच. त्या मला म्हणाल्या, दत्तक असल्याचं दुःख झालं नाही. आईवडिलांवरचं प्रेम तसूभर कमी झालं नाही. ‘पण मग मी एकेकाला विचारत सुटले. काकांना माहीत होतं. शेजारच्या आजींना माहीत होतं. माझ्या चुलतबहिणींना त्या वयात यायच्या आधीपासून माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना.’

त्यानंतर त्यांनी आपलं अख्खं लहानपण परत तपासायला घेतलं. ही कुणासारखी दिसते यावर कधीतरी एकदम पसरलेली शांतता. मावशीनं बोलता बोलता बदललेला विषय. प्रत्येक आठवणीत आता दोन गट होते, माहीत असलेले आणि त्या एकट्या. खोटं उघडं पडलं की फसवलेला माणूस फक्त ते एक वाक्य दुरुस्त करून थांबत नाही. तो मागं मागं जात राहतो, आणि ज्यांनी काहीच केलं नाही, फक्त गप्प बसले, त्यांच्या नावापुढेही खुणा करत जातो.

त्यांचे आईवडील वाईट होते का? अजिबात नाही. मुलीला तुटल्यासारखं वाटू नये, म्हणूनच सगळं केलेलं. आता दत्तक मुलाला लहानपणापासून, त्याला समजेल त्या भाषेत सांगत राहावं असा सल्ला सर्रास दिला जातो; त्यांच्या काळी बहुधा उलटाच मिळाला असेल. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं हे छातीठोकपणे सांगायची माझी तयारी नाही. पण इतकं दिसतं की त्यांनी जपलेल्या गुपिताला त्यांच्यामागे कुणी धनी उरला नाही, आणि फुटायचं तेव्हा ते भलत्याच माणसाच्या तोंडून, भलत्याच वेळी फुटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती मूठ कुणीतरी जन्मभर आवळून धरावी लागते.

*

मग रोजच्या किरकोळ थापांचं काय? त्यांच्याबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही. मानसशास्त्रज्ञ बेला डीपाउलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली काही विद्यार्थ्यांना आणि काही सर्वसाधारण नागरिकांना आठवडाभर आपापल्या खोट्यांची डायरी लिहायला लावली. विद्यार्थी दिवसाला साधारण दोनदा खोटं बोलत होते, बाकीचे एकदा. त्यातली बहुतेक खोटी बोलणाऱ्यांच्या लेखी अगदी क्षुल्लक होती. जवळच्या माणसांशी ती तुलनेनं कमी बोलली जात होती. इथवर बरं वाटतं. पण पुढे याच डीपाउलोबाईंनी लोकांना त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत गंभीर खोटं कुठलं ते विचारलं, तर त्यातली बहुतेक जवळच्यांशी बोललेली किंवा जवळच्यांनी बोललेली निघाली. लहानसहान खोटं आपण परक्यांना देतो आणि मोठं घरच्यांसाठी राखून ठेवतो.

लहान कुठलं आणि मोठं कुठलं, हे मात्र वाक्यावरून ओळखता येत नाही. ‘छान आहे’ हे वाक्य घ्या. नव्या कपड्यांबद्दल कुणी विचारलं आणि मी ‘छान’ म्हटलं, तर मला त्याचा पश्चात्ताप होत नाही आणि होणारही नाही. पण आमच्या एका मित्रानं कादंबरी लिहिली. सगळ्यांना वाचायला दिली. सगळे ‘छान’ म्हणाले. आपापसांत बोलताना म्हणाले, ‘पन्नास पानांच्या पुढं जाववत नाही रे.’ त्या ‘छान’च्या बळावर त्यानं नोकरी सोडायचं मनात घेतलं, तेव्हा ते वाक्य बसल्या जागी वाढलं. ऐकणारा त्याच्यावर घर बांधायला निघाला होता. आणि इथंही तेच: कादंबरी कशी आहे ते सगळ्यांना माहीत होतं, लिहिणाऱ्याला सोडून. शेवटी एका मैत्रिणीनं धीर करून त्याला बाजूला घेतलं. तो रागावला, काही दिवस बोलला नाही, नोकरी सोडली नाही, आणि आता काहीही लिहिलं की फक्त तिलाच दाखवतो. आम्हाला दाखवत नाही.

एमा लेव्हिन आणि टाया कोहेन यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही लोकांना तीन दिवस सगळ्यांशी पूर्ण प्रामाणिकपणे बोलायला सांगितलं होतं. हे किती अवघड जाईल, नाती किती ताणली जातील, याचे लोकांचे अंदाज फार वाईट होते. प्रत्यक्षात अनुभव त्याहून बराच सुखाचा निघाला. म्हणजे ‘ते खचतील’ असं आपण दुसऱ्याबद्दल म्हणतो तेव्हा आपला अंदाज चुकीचा असण्याचीच शक्यता जास्त. खचण्याची भीती पुष्कळदा आपली असते. तो रडेल तेव्हा आपण कुठं बघायचं, याची.

याचा अर्थ फटकळ माणसांना मी मोकळं रान देतेय असा कुणी घेऊ नये. ‘मला बाई खोटं बोलता येत नाही, मी तोंडावर बोलते’ असं सांगणाऱ्यांची मला धास्तीच वाटते. त्यांचं खरं नेहमी दुसऱ्याबद्दलचं असतं. तू जाड झालीस, तुझ्या मुलाचं लक्ष नाही, तुझा नवरा बोलतच नाही कुणाशी. मला हेवा वाटतो, मला एकटं वाटतं, मला पैशांची ओढाताण होतेय, असं खरं मी त्यांच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही. दुसऱ्याबद्दलचं खरं बोलायला काही खर्च येत नाही. डीपाउलोंच्या डायऱ्यांतसुद्धा दुसऱ्याचं मन राखायला बोललेल्या खोट्यांपेक्षा स्वतःला सावरायला बोललेली एकंदरीत जास्त होती. ‘कामात होते’, ‘फोन बघितला नाही’, ‘नाही गं, मला कसला राग.’ यात लपते ती बोलणारीच. आणि जी माणसं वर्षानुवर्षं ‘मला कसला राग’ म्हणत आली, ती एक दिवस नातं तोडून निघतात तेव्हा समोरच्याला काहीच उमगत नाही. त्याला कधी सांगितलेलंच नसतं, पण मैत्रिणींना, बहिणींना, ऑफिसातल्या शेजारणीला सगळं इत्थंभूत माहीत असतं.

या मैत्रिणी, बहिणी, शेजारणी. त्यांच्याबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचंय, कारण मी पुष्कळदा त्यांच्यातली एक असते. ‘तुला म्हणून सांगते’ अशी सुरुवात झाली की पहिल्यांदा छातीत थोडं फुगल्यासारखं होतं. इतक्या लोकांत मला निवडलं. मायकेल स्लेपियन आणि कॅथरीन ग्रीनअवे यांनी 2018 साली दुसऱ्यांची गुपितं सांभाळणाऱ्यांचा अभ्यास केला, त्यात हे दोन्ही दिसलं: सांगणाऱ्याशी जवळीक वाढल्याचं सुख मिळतं, आणि ओझंही होतं. ज्यांच्यापासून लपवायचं ती माणसं आपल्याही रोजच्या ओळखीची असली की ओझं आणखी वाढतं. घरात तर सगळीच तशी. स्लेपियन यांच्याच आधीच्या एका अभ्यासातून दिसलं होतं की माणसाला गुपित प्रत्यक्ष लपवावं लागतं ते क्वचित. पण मन आपोआप त्याकडे वळतं ते त्याहून कितीतरी जास्त वेळा. मामींसमोर मला खोटं बोलावं लागलं ते मोजकंच. पण त्यांच्याशी बोलताना कुठलाही विषय निघाला तरी माझ्या डोक्यात तो एक कोपरा जागा असायचा.

मुलांनाही आपण किती लवकर कामाला लावतो! ‘सांग, बाबा घरी नाहीत’ हा तर विनोद म्हणूनच सांगितला जातो, आणि ‘बाबा सांगतायत ते घरी नाहीत’ म्हणणाऱ्या मुलाला सगळे हसतात. हसणं ठीक आहे. पण ‘आईला सांगू नकोस हं, आपल्या दोघांतच’ हे वाक्य मला हसण्यावारी नेता येत नाही. मुलाला त्यातून खोटं बोलायला शिकवलं जातं हा भाग दुय्यम. ते त्याला यथावकाश येणारच असतं. त्याला कळतं ते हे की आईला बाहेर ठेवता येतं, आणि बाहेर ठेवणाऱ्यांत आपण असलो की आपल्याला भाव मिळतो. शिवाय मुलांचा गैरफायदा घेणारी माणसंही नेमकं हेच वाक्य वापरतात, आणि घरातल्या प्रेमळ माणसांकडून ते ऐकण्याची सवय झालेल्या मुलाला दोन्हींतला फरक कळावा तरी कसा?

*

अलीकडे मी एक करते. कुणी ‘कुणाला बोलू नकोस’ म्हणून सुरुवात केली की विचारते, कुणाला म्हणजे नेमकं कुणाला? उत्तर ‘बाहेर कुणाला’ असं असेल तर प्रश्नच नाही. गुपित ठेवायचा हक्क प्रत्येकाला आहे आणि माझं तोंड त्या बाबतीत बऱ्यापैकी घट्ट आहे. पण ज्याच्या आयुष्याची गोष्ट आहे त्यालाच सांगायचं नाही असं असेल, तर मी आधीच सांगते की मी आपणहून बोलणार नाही, पण त्यानं मला सरळ विचारलं तर ‘नाही’ म्हणणार नाही. गप्प बसणं आणि खोटं बोलणं यांतली ही रेघ फार पक्की आहे असा माझा दावा नाही. मामींसमोर मान हलवताना मी रेघेच्या कुठल्या बाजूला होते ते मला आजही सांगता येणार नाही. आणि मामी सरळ विचारती तर मी खरं सांगितलं असतं का? त्या वयात, त्या समाधानापुढं? बहुधा नसतं सांगितलं, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नसतं.

या नियमाचा परिणाम म्हणाल तर मला बैठकांची बोलावणी येणं बंद झालंय. मामेभाऊ तोंडावर म्हणतो, ‘तुला सांगून उपयोग नाही.’ मध्यंतरी आत्याच्या घरातल्या वाटणीवरून काहीतरी शिजत होतं. तिच्या मुलांनी तिला न कळवता कुठल्यातरी कागदावर सह्या केल्या असाव्यात. आतेबहिणीनं मला फोन केला, ‘एक सांगायचं होतं’ म्हणाली, मग थांबली, ‘जाऊ दे, तू बोलून टाकशील’ म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर लगेचच आत्याचा फोन. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम मुद्द्याला हात: ‘तुला काही माहीत असेल तर सांगशील ना गं मला?’ मी म्हटलं, ‘आत्या, मला खरंच काही माहीत नाही.’ ते शब्दशः खरं होतं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

‘म्हणजे तूही त्यांच्यातलीच,’ आत्या म्हणाली. मग तिनं स्वतःच विषय बदलला आणि आम्ही तिच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिलो.